जावयाची सही

आमच्या वेलचेरीच्या इमारतीत कृष्णस्वामी रावांना सगळेच जरा घाबरून असायचे. त्यांच्या रागाला नव्हे, राग त्यांना क्वचितच यायचा. लोक घाबरायचे ते त्यांच्या परतफेडीला. कुणी त्यांना कढीलिंबाच्या दोन काड्या दिल्या तर दुसऱ्या दिवशी सकाळी देणाऱ्याच्या दाराशी अर्धा नारळ हजर. मी मूळची अकोल्याची, मला हे ठाऊक नव्हतं. आम्ही २००४ साली माझ्या नवऱ्याच्या, रविकांतच्या, बँकेतल्या बदलीमुळे चेन्नईला आलो, आणि खालच्या मजल्यावर एकटे राहणारे मराठी गृहस्थ आहेत हे कळल्यावर मी मोठ्या हौसेने पुरणपोळ्या पाठवल्या. डबा परत आला तो चिंच भरून. मग मी त्यात चकल्या घालून पाठवला, तो कॉफीपूड घेऊन वर आला. महिनाभर तो डबा जिन्यावरून वरखाली करत होता. शेवटी रविकांत म्हणाला, दोघांपैकी कुणीतरी हरल्याचं कबूल करा आणि डबा धुऊन फडताळात ठेवा.

मीच हरले. राव हरणाऱ्यांतले नव्हते.

त्यांचं घराणं तंजावरचं. पूर्वज मराठ्यांच्या राज्याबरोबर इकडे आले ते इथलेच झाले, पण घरातली भाषा काही सुटली नाही. त्यांचं मराठी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला हसू आवरेना. जुन्या बखरीतला एखादा कारकून समोर बसून तमिळ हेल काढून बोलतोय, असं वाटायचं. 'मी गेलों', 'मी म्हणलों', आणि मध्येच 'सरी', म्हणजे बरं, किंवा 'पोदुम', म्हणजे पुरे. माझं मराठी त्यांना घाईचं वाटायचं. "तुम्ही अर्धं गिळून बोलता," असं त्यांनी मला एकदा सांगितलं होतं, आणि त्यांच्या नम्र स्वभावाच्या मानाने ते फारच कडक होतं.

पेरांबूरच्या रेल्वे डब्यांच्या कारखान्यात त्यांनी सगळी नोकरी काढली. डब्यांच्या आतल्या बाकांची, खिडक्यांची, सामानाच्या फळ्यांची चित्रं काढायची आणि मापं लिहायची, हे त्यांचं काम. निवृत्तीच्या पैशांतून हा दोन खोल्यांचा फ्लॅट घेतला. त्यांची पत्नी कामाक्षी २००२ मध्ये गेली, त्यामुळे मी तिला पाहिलं नाही. पाहिला तो भिंतीवरचा फोटो, मोगऱ्याची ताजी माळ घातलेला. बाई हसऱ्या चेहऱ्याची, आणि फोटो काढणाऱ्याला काहीतरी सांगता सांगता थांबलेली दिसत होती.

त्यांना मुलगी एकच, सहाना. तिचं लग्न कोइंबतूरच्या शेषाद्रीशी झालं. तेही तंजावरी मराठीच घर. लग्नानंतर दोघं अमेरिकेत ओहायो राज्यात गेली. शेषाद्री तिथे एका कंपनीत इंजिनियर, सहाना एका शाळेच्या ग्रंथालयात अर्धवेळ काम करायची. त्यांना एक मुलगी, ऊर्मी.

आता इथे मला एक रीत सांगायला हवी, कारण पुढचं सगळं त्या रीतीमुळेच घडलं. कन्यादान केलं की मुलगी दिली, मग तिच्या घरचं अन्न बापाने खायचं नाही. आपल्याकडेही हे होतं. माझ्या आजोबांनी माझ्या आईच्या घरी पाणीसुद्धा घेतलं नव्हतं म्हणतात. पण माझा जन्म झाल्यावर ते बंधन सुटलं आणि मग ते यायचे तेव्हा श्रीखंडाच्या दोन वाट्या संपवल्याशिवाय उठायचे नाहीत. रावांच्या घरात मात्र नातवंड झालं तरी रीत जशीच्या तशी. त्यांच्या वडिलांनी पाळली, आजोबांनी पाळली, आणि रावांनी तर ती पार ओहायोपर्यंत नेऊन पाळली.

ऊर्मीच्या जन्माच्या वेळी, २००० साली, राव आणि कामाक्षी तिकडे गेले होते. ही हकिगत राव अभिमानाने सांगत. जाताना त्यांनी साठवलेले पैसे देऊन डॉलर घेतले, आणि तिकडे पोचल्यावर फ्रिजवर एक रिकामा स्टीलचा डबा ठेवला. दर शनिवारी त्या डब्यात दोघांच्या जेवणाखाणाचे डॉलर टाकायचे. दुधाचे वेगळे, कॉफीचे वेगळे.

"तिकडं होतों तोवर एक घोट पाणी फुकट घेतलं नाही," ते म्हणाले.

मी म्हटलं, "काका, मुलीचं घर म्हणजे काय लॉज आहे?"

"लॉजवाला परका असतो. त्याच्याकडं खाल्लं तर दोष नाही. लेकीकडं खाल्लं तर अहे."

मी पदर खोचून वाद घालायला बसले होते, ती उठून चहा करायला गेले. त्या चहाच्या बदल्यात दुसऱ्या दिवशी केळी आली, हे सांगायला नकोच.

२००६ च्या पावसाळ्याआधी एका रात्री राव न्हाणीघरात घसरून पडले. पायाचं हाड मोडलं नाही, पण त्यांना उठता येईना. सकाळी कामवाली येईपर्यंत ते तिथेच ओल्या फरशीवर पडून होते. हाक मारली असती तर आम्हाला वर ऐकू गेली असती. त्यांनी हाक मारली नाही. का, असं मी विचारलं तेव्हा म्हणाले, लोक झोपलेले होते. मला इतका संताप आला की मी दोन दिवस त्यांच्याशी धड बोलले नाही.

सहानाला हे कळलं तेव्हा ती फोनवर रडली, आणि मग तिने हट्टच धरला की अप्पांनी आता कायमचं तिच्याकडे यायचं. ती तिकडची नागरिक झाली होती, त्यामुळे वडिलांसाठी अर्ज करता येत होता. राव सहा महिने नाही नाही म्हणत राहिले, आणि मग एक दिवस हो म्हणाले. कारण त्यांनी मनातल्या मनात सगळं ठरवलं होतं. पेन्शनचे दर महिन्याला डॉलर करायचे आणि सहानाच्या हातात ठेवायचे. डब्याऐवजी हात, एवढाच फरक.

मग तिकडून कागद आले. राव इंग्रजी उत्तम वाचत, तरी ते कागद घेऊन वर आमच्याकडे आले आणि म्हणाले, "विद्युलताबाई, हे एकदा वाचा. मी वाचलं ते बरोबर अहे का बघा."

त्यांनी बरोबरच वाचलं होतं. जो कुणी आपल्या माणसाला अमेरिकेत कायमचा बोलावतो त्याने सरकारला लिहून द्यायचं असतं की या माणसाला मी पोसेन, तो सरकारच्या गळ्यात पडणार नाही. हे बंधन साधंसुधं नाही. तो माणूस तिकडचा नागरिक होईपर्यंत, किंवा तिथे बरीच वर्षं नोकरी करेपर्यंत, किंवा मरेपर्यंत ते सुटत नाही.

"माझ्या वयाच्या माणसाला नोकरी कोण देणार," राव म्हणाले. "म्हणजे मरेपर्यंतच."

पुढे आणखी एक अट होती. लिहून देणाऱ्याचं उत्पन्न घरातल्या माणसांच्या संख्येप्रमाणे सरकारने ठरवलेल्या रकमेपेक्षा जास्त हवं. सहानाचा ग्रंथालयातला पगार त्याला पुरत नव्हता. अशा वेळी घरातल्या दुसऱ्या कमावत्या माणसाने, म्हणजे नवऱ्याने, वेगळ्या कागदावर सही करून आपलं उत्पन्न जोडायचं. आता शेषाद्रीचा पगार चांगला होता, सही केली की काम संपलं. माझ्या दृष्टीने तर हा अडचणीचा प्रश्नच नव्हता. मी तसं म्हटलंही.

रावांनी कागदातल्या त्या ओळीवर बोट ठेवलं. "जावयानं सरकारला लिहून द्यायचं," ते म्हणाले, "की माझ्या सासऱ्याला मी खायला घालीन."

ज्या जावयाचे त्यांनी लग्नात पाय धुतले होते, अधिक महिन्यात ज्याला ते दरवेळी चांदीचं भांडं आणि अनारसे पाठवत, त्या जावयापुढे हात पसरायचा. लेकीच्या घरी खायचं नाही ही रीत होती, पण जावयाकडे काही मागायचं नाही ही त्यांच्यासाठी रीतीहूनही मोठी गोष्ट होती. त्याच संध्याकाळी त्यांनी सहानाला फोन करून सांगितलं, तुझी सही चालेल, तुझ्या नवऱ्याची नको. माझा फ्लॅट अहे, तो दाखव. येणाऱ्या माणसाची मालमत्ताही धरतात, हे त्यांनी कागदात हेरून ठेवलं होतं. सहानाने ऐकलं. विरोध केला तर अप्पा येणंच रद्द करतील, ही तिची भीती. नवऱ्याला तिने सांगून टाकलं की तुझी सही लागत नाहीये.

मुलाखतीचा दिवस आला. जेमिनीच्या उड्डाणपुलाजवळच्या अमेरिकन वकिलातीपाशी मी आणि रविकांत त्यांना घेऊन गेलो. आत त्यांना एकट्यालाच सोडलं. बाहेर भिंतीच्या कडेला प्लास्टिकच्या फायली छातीशी धरून कितीतरी कुटुंबं उभी होती. कुणाचा मुलगा तिकडे, कुणाची बहीण, कुणाचा नवरा. एक आजी मोठ्याने जन्मतारखा पाठ करत होती. मी मनात म्हटलं, आमच्या रावांना पाठ करायला काही नाही, त्यांचं सगळं चोख आहे.

ते बाहेर आले तेव्हा पासपोर्ट त्यांच्या हातातच होता, आणि बरोबर एक छापील चिठ्ठी. ज्यांचं काम होतं त्यांचा पासपोर्ट आत ठेवून घेतात, एवढं आम्हाला उभं राहून राहून कळलं होतं. जवळच्या हॉटेलात बसून कॉफी मागवली, आणि मग त्यांनी सांगितलं.

खिडकीपलीकडे सहानाच्याच वयाची एक बाई होती. अगदी सभ्यपणे बोलत होती. तिने विचारलं, तिकडे तुमचा खर्च कोण करणार. राव म्हणाले, कोणी नाही, मुलीच्या घरी मी माझ्या जेवणाचे पैसे देतो.

"असं सांगितलंत?" रविकांतने कपाळाला हात लावला.

"खरं तेच सांगितलं. तिनं विचारलं, मुलगी तुमच्याकडून पैसे घेते? मी म्हणलों, ती घेत नाही, मी देतों. मग ती बराच वेळ लिहीत बसली."

मग त्या बाईने त्यांना समजावून सांगितलं. मालमत्ता धरायची तर उत्पन्नात जितकं कमी पडतं त्याच्या पाचपट किमतीची लागते, तुमच्या फ्लॅटची किंमत तेवढी होत नाही. तिकडे राहणाऱ्या आणखी एका माणसाची सही आणा. वर्षभराची मुदत आहे.

"मी तिला म्हणलों, अम्च्यांत लेकीकडं जेवत नाहीत." राव पेल्यातली कॉफी वाटीत ओतत होते, ती परत पेल्यात ओतत होते, पीत नव्हते. "तिनं विचारलं, मग तुम्ही तिकडं राहायला जाता कशाला?"

"मग तुम्ही काय म्हणालात?"

"मी चिठ्ठी घेतली आणि बाहेर आलों."

परत येताना गाडीत त्यांनी जाहीर केलं की ते आता जाणार नाहीत. विषय संपला, पोदुम. न्हाणीघरात धरायला दांडा बसवून घेऊ म्हणाले. आणि खरंच, त्याच आठवड्यात सुतार बोलावून त्यांनी दांडा बसवून घेतला, त्याचं माप स्वतः काढून.

मला वाटलं होतं सहाना चिडेल. तिने रविवारी सकाळी माझ्याकडे फोन केला तेव्हा तिचा आवाज चिडलेला नव्हता, नुसता दमलेला होता. तिचं मराठी मोडकं, अडलं की इंग्रजीत शिरायची, पण त्या दिवशी जे सांगायचं होतं ते तिने मराठीतच सांगितलं.

"ऑंटी, तो फ्रिजवरचा डबा तुम्हाला अप्पांनी सांगितला असेल. पुढचं नसेल सांगितलं. त्यांची तिकिटं सहा महिन्यांची होती. डॉलर तीन महिन्यांतच संपले, कारण मी आजारी पडले आणि आई माझ्यासाठी काही काही आणायला लावायची, त्याचेही अप्पा डब्यात टाकायचे. डॉलर संपले त्या शनिवारी अप्पांनी तिकीट बदललं. मी हात जोडले. आई काही बोलली नाही. ऊर्मीला मांडीवर घेऊन दोन दिवस बसून राहिली. मग दोन वर्षांनी ती गेली, आणि मी पोचले तेव्हा सगळं आटोपलं होतं. सगळ्यांना वाटतं माझी आई चेन्नईत गेली. माझ्यासाठी ती त्या एअरपोर्टवरच गेली. आता अप्पाही तसेच जाणार. हे त्यांना सांगू नका हं, ऑंटी."

असलं काही मला सांगायचं आणि वर सांगू नका म्हणायचं, म्हणजे सहाना मला ओळखत नव्हती. माझ्या पोटात काही राहत नाही. मी फोन ठेवला आणि तशीच खाली गेले. राव कॉफी गाळत होते. मी उभ्या उभ्या सगळं बोलून टाकलं, एअरपोर्टसकट. तुमच्या रीतीने एका बाईला तिच्या लेकीपासून तोडलं, आता दुसऱ्यांदा तेच करा, असंही म्हणाले.

राव चिडले नाहीत. गाळणं बाजूला ठेवलं.

"मला ठाऊक अहे," ते म्हणाले. "कामाक्षीनं त्या दिवशी एकदाच विचारलं. म्हणाली, शेषाद्रींना सांगून आणखी थोडं राहूया का. मी म्हणलों, जावयाकडं मागायचं नाही. मग तिनं विचारलं नाही. विमानात नाही, इथं आल्यावरही नाही. दवाखान्यात मी वाट बघत होतों, आता विचारील, आता रागावेल." त्यांनी फोटोकडे पाहिलं नाही. "ती फार बोलायची. तेवढंच बोलली नाही."

मी त्यांना बोलायला आले होते आणि आता मलाच रडू येत होतं. इतका सरळ माणूस, कुणाचा एक पैसा न बुडवलेला, आणि इतक्या वर्षांत एकदाही आपल्या बायकोच्या बाजूने तोंड उघडलं नाही. मला त्यांचा राग आला आणि त्यांची फार दया आली, दोन्ही एकदमच. मी वर आले.

आठ-दहा दिवस ते दिसलेच नाहीत. मग एका रविवारी सकाळी बेल वाजली. दारात राव, इस्त्रीचा पांढरा शर्ट, कपाळावर गंध, जसे मुलाखतीला निघाले होते तसेच. मला वाटलं देवळात निघालेत.

"तिकडं आता शनिवारची संध्याकाळ असेल," ते म्हणाले. "सहानाला फोन लावून द्या. तुम्ही दोघं इथंच बसा."

"काका, तुमच्याकडे फोन आहे की."

"अहे. पण सोयरिकीचं बोलणं एकट्यानं करत नाहीत. मध्ये तिसरं माणूस बसायला लागतं. अम्च्यांत तसं अहे."

मी नंबर लावला आणि सगळ्यांना ऐकू येईल असा स्पीकर सुरू केला. तरी त्यांनी रिसीव्हर उचलून हातात धरलाच. रविकांत वर्तमानपत्राची घडी घालून बसला. सहानाने फोन उचलला आणि अप्पा म्हणून काही बोलणार, तोच राव म्हणाले, "तू नको बाळ. शेषाद्रींना दे."

पलीकडे थोडी कुजबुज झाली. मग शेषाद्रीचा आवाज आला. त्यांच्यात सासऱ्याला मामाच म्हणतात. "मामा, नमस्कार. तब्येत बरी आहे ना?"

राव उभे राहिले. खुर्ची मागे होती, पण ते उभेच राहिले.

"शेषाद्री, तुम्हाला एक मागायचं अहे."

"सांगा ना मामा."

"मी तिकडं येतों म्हणतों. येऊन तुमच्या घरी राहीन. मला पोसाल का?"

शेषाद्री म्हणाला, "सहानाने मला सांगितलं की माझी सही लागत नाही. मला वाटलं, लागत असेल, पण तुम्हाला नको असेल."

"नको होती," राव म्हणाले. "आता हवी अहे."

"उद्याच करून पाठवतो मामा. तुम्ही या. ऊर्मी रोज विचारते."

"सरी," राव म्हणाले. मला वाटलं झालं, आता ठेवतील. माझा जीव भांड्यात पडला होता आणि रविकांत उठून त्यांच्या पाठीवर हात ठेवायला निघाला होता. पण रावांनी त्याला हातानेच थांबवलं.

"आणखी एक अहे. ऊर्मी झाली तेव्हाचं. तेव्हा मी असंच विचारलं असतं, कामाक्षीला आणखी थोडं राहू द्याल का म्हणून, तर तुम्ही काय म्हणला असता?"

"मामा," शेषाद्री म्हणाला, "तुम्ही तिकीट बदललंत त्या दिवशी मी वरच्या खोलीतला सहानाच्या आईंचा पलंग सोडवत होतो. पायऱ्या चढून त्यांना त्रास होतो म्हणून खाली आणायचा होता."

राव हो म्हणाले. मग त्यांनी रिसीव्हर माझ्या हातात दिला आणि खुर्चीत बसले. पलीकडून शेषाद्री मामा, मामा म्हणत होता.